दीड इंच

"साडेअठरा," शिवदासने वाचलं आणि लवूच्या नावावर आडवी रेघ मारली. "सॉरी यार. एक इंच जास्त."

वर्कशॉपमधली पोरं कागदावर वाकली. तक्रार तरी कशी करणार? नियम खुद्द लवूनेच केला होता. अंधेरीच्या कॉलेजातल्या पोरांनी दोन वर्षं खपून रेसची गाडी बनवली होती. बसायच्या जागेत दोन नळ्यांमधलं अंतर अठरा इंच. तेव्हा ज्याचा खांदा साडेसतराच्या आत, आणि अशांतही ज्याचं वजन सगळ्यात कमी, तो ड्रायव्हर. वशिला नाही, दोस्ती नाही, कागद सांगेल तो. हे लवू टेबलावर हात आपटून बोलला होता. बावन्न किलोचा किडकिडीत गडी तो, सीट आपलीच हे धरूनच चालला होता. पठ्ठ्याने स्वतःसाठी खड्डा खणला तो असा, मोजूनमापून.

भंगारातलं मोटरसायकलचं इंजिन त्यानेच उघडलं होतं, घासलं होतं, हाताची सालं काढून चालू केलं होतं. ते इंजिन एकदा तरी शर्यतीत आपल्या पायाखाली गुरगुरावं, एवढंच त्याला हवं होतं. शर्यत रविवारी, पवईला. ड्रायव्हरच्या नावाचा फॉर्म आजच पाच वाजता जायचा होता.

आणि मापं घेतली होती लवूच्याच बाबांनी! पोरांनी एकमेकांना मोजलं, तर एकाच खांद्याचे तीन आकडे आले. मग सगळी वरात भांडुपला, दत्तारामच्या दुकानात. घरच्यांचे कपडे दत्ताराम आधीपासूनच शिवायचा; गिरणी संपात बसली तेव्हापासून त्याने शिलाईचं दुकानच टाकलं होतं, आणि त्याचं माप चुकलं असं गेल्या चार वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. त्याने बारा पोरं उघड्या अंगाने रांगेत उभी केली, एकेकाला टेप लावली, वहीत आकडे लिहिले. लवूही शर्टाची बटणं काढायला लागला, तेव्हा तो हसला. "तुझा कित्याक? तुझा माप माका पाठ आसा." आणि लिहून मोकळा झाला.

"मग लिओनार्ड," शिवदास म्हणाला. "सव्वासतरा. वजन बासष्ट."

मरोळचा लिओनार्ड खूश व्हायला हवा होता. तो डोकं खाजवत म्हणाला, "मला नाय पटत. एवढासा हा, आणि साडेअठरा? एकदा बसवून तर बघ ना त्याला."

"कसा बसवणार? रंग ओला आहे." सांगाडा कांजूरमार्गच्या वेल्डरकडून सकाळीच आला होता आणि त्यावर लाल रंग मारून तासही झाला नव्हता.

"नको," लवू म्हणाला. "कागद तो कागद." त्याला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून तो पाठ फिरवून एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

तेवढ्यात दत्ताराम आला. बगलेत गाडीची सीट, स्वतः शिवलेली, काळ्या रेक्झिनची. सीट ठेवून त्याने टेबलावरचा कागद पाहिला.

"ह्या काय? माझ्या झिलाचा नाव कोणी खोडल्यान?"

"काका, तुम्हीच लिहिलंय साडेअठरा," शिवदास म्हणाला.

"ता शर्टाचा माप! वाढता आंग, म्हणान दीड इंच जास्ती धरतंय. बालवाडीपासून धरतंय."

सगळ्यांनी लवूच्या शर्टाकडे बघितलं. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या दोनदा दुमडलेल्या. गेली तीन वर्षं पोरं त्याला 'हँगर' म्हणून चिडवत होती.

"बाबा," लवू ओरडला, "मी एकवीस वर्षांचा आहे!"

दत्तारामने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हा हिशेब त्याने कधी केलाच नव्हता. क्षणभर तो ओशाळला. मग त्याने गळ्यातली टेप काढली, ठेवून दिली आणि म्हणाला, "शर्ट काढ आनि बस."

"काका, रंग लागेल."

"लागलो तर कळात."

दत्तारामने सीट सांगाड्यात ठेवली आणि लवू हात वर करून तिच्यावर उतरला. स्टिअरिंग धरल्यासारखे हात पुढे केले, खांदे सैल सोडले, मिनिटभर तसाच बसला. मग हात वर करून अलगद बाहेर आला. लिओनार्डने त्याला दोन्ही दंडांना धरून उजेडात गोल फिरवलं.

"एक ठिपका नाय! झकास!" आणि शिवदासच्या हातातलं पेन हिसकावून लिओनार्डनेच फॉर्मवर लवूचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत.

रविवारी पवईला सात कॉलेजांच्या सात गाड्या सुटल्या. पहिल्या फेरीत लवू पाचवा होता. तिसऱ्या फेरीत दुसरा. शेवटच्या वळणावर पुढच्या गाडीचा भला दांडगा ड्रायव्हर ब्रेक दाबत राहिला आणि ती हलकी लाल गाडी त्याच्या आतल्या अंगाने सुसाट निघून गेली. पहिला! लिओनार्ड बोंबलत रस्त्यावर नाचला. दत्ताराम टाळ्या वाजवायचंही विसरला, नुसता डोळे पुसत उभा राहिला.

पोरांनी लवूला गाडीतून उपसून खांद्यावर घेतलं. शर्यतीसाठी दत्तारामने त्याला खास निळा ओव्हरऑल शिवला होता. उचलताना शिवदासने त्याला कवेत धरलं, तर हातात आधी नुसतं कापडच आलं. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"काय हो काका," शिवदास हसत सुटला, "आता तरी नेमक्या मापाचा शिवायचा ना!"

दत्तारामने पोरांच्या खांद्यावरून हात हलवणाऱ्या लवूकडे मान वर करून पाहिलं.

"पयलो इलो मां?" तो म्हणाला. "मगे! अजून वाढतलो तो."