वाचनालयाचं मशीन

"वाचनालयाचं आहे हे," सुनेत्राने सांगितलं आणि टेम्पोतून उतरवलेल्या जुन्या संगणकाच्या त्या करड्या धुडाला ओटीवरच्या टेबलावर जागा करून दिली. "त्यांची सगळी जुनी माहिती अडकलीय यात. पासवर्ड ठाऊक असलेला माणूस वारला, सॉफ्टवेअरच्या सीड्या गहाळ. मी म्हटलं, आमच्याकडे आहे एक तज्ज्ञ."

तिचे यजमान चारुदत्त झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मान वळवली, एवढंच.

वाचनालयाचा त्या मशीनशी काडीचाही संबंध नव्हता. बंद पडलेल्या एका आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीतलं ते वर्कस्टेशन तिने संदेश भंगारवाल्याकडून उचललं होतं. "काकी, ह्याला आता विचारतो कोण?" तो हसला होता. पण अशाच मशीनवर चारुदत्तांनी उभा जन्म जहाजांची ड्रॉइंग काढली होती. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला आणि माणूस गप्प झाला तो झालाच. "हाताला आणि डोक्याला काम द्या त्यांच्या," डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. मग तिला बाहेर बसवून ते त्यांच्याशी एकट्याशी बराच वेळ बोलले. काय ते तिने विचारलं नाही. आजारी माणसाला खोदून विचारू नये.

तिचं स्वतःचं म्हणाल तर काही नव्हतं. रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नसे, जेवणाला चव नसे, भजनाच्या पेटीवर दिवाळीपासून धूळ होती. घरात आजारपण असलं की हे चालायचंच. ती कुणाजवळ बोललीही नव्हती.

दिवस अक्षय्य तृतीयेचा. तिने मशीनला कुंकवाचं बोट लावलं.

"अगो, शेजारी मनस्विनीकडे हळदीकुंकू ना आज? जा की," चारुदत्त म्हणाले.

"तुम्हाला एकटं टाकून?"

"मी काय रांगत विहिरीत जातोय?"

कितीतरी महिन्यांनी ते असं बोलले होते. ती गेली, पन्हं प्यायली, बायकांत बसली आणि दिवेलागणीला परतली. मशीनचं झाकण उघडं, चारुदत्त घामाघूम.

"आतली बारकी बॅटरी मेली होती. माझ्या साखर मोजायच्या यंत्रातली काढून घातली. नंबर तोच निघाला. तारीख-वेळ लावली, सुरूही झालं. पण दारातच अडवतंय मेलं. पासवर्ड मागतंय."

बॅटरीवरचा तो मुंगीएवढा नंबर त्यांनी चष्म्याशिवाय वाचला होता. मात्र त्यांच्या मुलाने, सलिलने, पुण्याहून छापून पाठवलेलं जाडजूड माहितीपुस्तक त्यांना काही केल्या दिसेना. "तूच वाच. शाळेत इंग्रजी शिकवलंस ना?"

मग रोज दुपारी ती वाचायची, ते बटणं दाबायचे. मशीन सुरू होताहोताच अर्ध्यावर थांबवलं तर पासवर्ड न विचारणाऱ्या मागच्या दाराने आत शिरून नवा पासवर्ड लावता येतो, असं पुस्तकात होतं. पण चारुदत्तांचं बोट नेमकं ऐन वेळी चुकायचं.

"हात लटपटतो गो. उद्या बघू."

कंटाळा आला की ते अंदाजाने पासवर्ड घालून बघत.

"आंब्यांची नावं घालू. पायरी. रायवळ."

सुनेत्रा घाईघाईने म्हणाली, "वाचनालयवाले आंबे कशाला ठेवतील? पुस्तकांची नावं ठेवतील ना?"

"रत्नागिरीत माणूस आधी आंबा बघतो, मग पुस्तक."

ती खळखळून हसली. आपलं हसणं तिला परक्या बाईचं वाटलं.

वाचून वाचून ती इतकी दमायची की रात्री पाठ टेकली की थेट सकाळ. दुपारी बसायचं म्हणून स्वयंपाक वेळेवर व्हायला लागला, घावन झाले, खापरोळ्या झाल्या. भजनाच्या बायांचं बोलावणं आलं तेव्हा तिने पेटी पुसली आणि गेली. नवऱ्यासाठी माणूस काय काय करतं, असं तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

भीती एकच होती. मशीन उघडलं की आत वाचनालयाचं काही नसणार. आपण लहान मुलासारखे खेळवले गेलो, हे त्यांना कळणार. मग ते पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसतील आणि या वेळी कायमचे.

आषाढातल्या एका दुपारी ती पेटीवर अभंग वाजवून उठली आणि तिला ते ओझं सहन होईना. त्यांच्यापाशी येऊन ती म्हणाली, "अहो, मला एक सांगायचंय. ते मशीन…"

"थांब," चारुदत्त म्हणाले. "आज उघडतंय बघ."

त्यांनी बटण दाबलं. पासवर्डची चौकट आली. उजव्या हाताची बोटं न अडखळता चालली आणि पडदा अक्षरांनी भरला.

सुनेत्राने डोळे मिटून घेतले.

"आहे हो!" ते ओरडले. "वाचनालयाची सगळी यादी आहे. सुखरूप!"

तिने डोळे उघडले. पडद्यावर इंग्रजीत ओळींमागून ओळी होत्या: हापूस रस, डबे. पायरी रस, डबे. रायवळ, लोणच्यासाठी. पुस्तक एकही नव्हतं. तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

मग तिची नजर अगदी वरच्या ओळीवर गेली. याआधी कुणीतरी पासवर्ड घालून हे मशीन उघडलं होतं, तो दिवस आणि ती वेळ मशीनने लिहून ठेवली होती. तीस एप्रिल, संध्याकाळचे सव्वापाच. अक्षय्य तृतीया. ती शेजारी पन्हं पीत होती.

"आता लागते ना गो झोप तुला?" चारुदत्तांनी विचारलं.