डाव्या हातातलं घड्याळ

सर्व्हिसिंग करून आणलेलं घड्याळ नवऱ्याच्या मनगटावर पुन्हा बंद पडलं, तशी हंसा तणतणत डहाणूच्या बाजारात भाविकच्या दुकानात गेली. भाविकने घड्याळ हातात घेऊन जरा हलवलं. सेकंदकाटा लगेच पळायला लागला.

“काकी, मशीन एकदम चोख आहे. याला चावी लागत नाही, हात हलत राहिला की आपोआप चालतं. नारूकाका कुठल्या हातात घालतात?”

“डाव्या.”

“आणि लकवा कुठल्या हाताला?”

“डाव्यालाच.”

“मग उजव्या हातात बांधा ना!”

हंसाने घरी येऊन तेच सांगितलं. अंगणात फाटकं जाळं घेऊन बसलेल्या नारूने डावा हात उजव्या हाताने उचलून पुढे केला. “यातच बांध.”

पावसाळाभर होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली होती, पण नारू हातातलं जाळं खाली ठेवत नव्हता. डाव्या बोटांत दोर धरायचा, ओढायचा, सुटला की पुन्हा धरायचा. सकाळी बांधलेलं घड्याळ आधी न्याहारीपर्यंतच चालायचं. मग जेवणापर्यंत चालायला लागलं. मग दिवेलागणीपर्यंत.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हंसा पुन्हा दुकानात आली.

“परत बंद पडलं?” भाविकने विचारलं.

“नाय. रात्रभर चालू होतं.” तिने घड्याळ काउंटरवर ठेवलं. “हा चामड्याचा पट्टा काढ. खाऱ्या पाण्यात टिकेल असा बसव.”