राहिलेली पानं

हैदराबादच्या जामबागमधल्या मराठी वाचनालयाच्या जागी कंप्युटर क्लास येणार होता, म्हणून ग्रंथपालांनी पुस्तकं फुकट वाटायला काढली. रेणू सिस्टरला त्यात एक ओळखीची कादंबरी दिसली. एकोणिसाव्या वर्षी, परभणीला सासरी मार खात असताना तिने ती चोरून वाचली होती. त्या प्रतीची शेवटची पानं फाटलेली होती. नायिका उंबरठा ओलांडते, तिथेच गोष्ट संपायची. आठवड्याने रेणूनेही घर सोडलं आणि हैदराबादला येऊन ती नर्स झाली. ही प्रत मात्र पूर्ण होती. तिने उभ्याउभ्याच राहिलेली पानं वाचली. नायिका स्टेशनवरूनच परत फिरते आणि नवऱ्याचे पाय धरून माफी मागते. रेणूला राग आला नाही, रडूही आलं नाही. “घरी न्या की, सिस्टर, नाहीतर रद्दीत जाईल,” ग्रंथपाल म्हणाले. “जाऊ द्या,” ती म्हणाली आणि दुपारच्या ड्युटीला कोठी भागातल्या हॉस्पिटलकडे निघाली.