चावणारं दार

"पुन्हा चावलं," गवतात अनवाणी उभी असलेली बायको म्हणाली आणि ट्रेलरच्या दाराच्या कडीला दात फुटल्यासारखा तिने हात मागे घेतला.

निवृत्त मुख्याध्यापकांनी हातातली माहितीपुस्तिका मिटली नाही, नुसतं पानात बोट घातलं. परीक्षेच्या दिवशी दुखणारी पोटं त्यांनी एकतीस वर्षं याच नजरेने तपासली होती. बाहेर मांडलेल्या खुर्चीवरून उठून ते दारापाशी गेले, कडी मुठीत घट्ट धरली आणि वर दोनदा हलवून दाखवली.

"मला तर काही लागत नाही."

"तुम्हाला कधी काय लागलंय?"

"अगं, मनाचे खेळ असतात. काल प्रवासात झोप झाली नाही तुझी."

"बरं. मग माझं मन काय सांगतंय तेही ऐका. जेवणाच्या वेळेपर्यंत हे दार चावायचं थांबलं नाही, तर मी बसने घरी जाते. तुम्ही आणि तुमचं चाकांवरचं घर, दोघं मिळून जग बघा."

दोन महिन्यांच्या प्रवासाची ही पहिली सकाळ होती. मुख्याध्यापकांनी नकाशावर लाल शाईने मार्ग आखला होता, मुक्कामांचं वेळापत्रक केलं होतं, आणि त्यात 'बायको परत जाते' असा तास कुठेच नव्हता. त्यामुळे त्यांनी रीतसर पाहणी केली. ट्रेलर उभे करायच्या त्या तळावरच्या विजेच्या खांबापासून ट्रेलरपर्यंत पिवळी केबल आली होती. काल प्लग खांबाच्या सॉकेटमध्ये बसेना, तेव्हा खिशातून दोन पिनांचा एक अडॅप्टर, त्यांच्या भाषेत जोड, काढून त्यांनी मामला निकालात काढला होता. तिसरी पिन नुसती मिरवायला असते, हे त्यांचं जुनं मत. शाळेच्या अख्ख्या बक्षीस समारंभाचा लाउडस्पीकर याच जोडावर वाजला होता. जोड जागेवर होता. त्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि पाहणी संपल्याचं जाहीर केलं.

बायकोने तळाच्या ऑफिसात फोन करून वायरमन मागवला आणि राग काढायला ट्रेलरची फरशी पुसायला घेतली. बादलीतलं पाणी तिने पायरीखालच्या गवतावर ओतलं.

"आता बूट खाली काढून या. कालपासून आत आणून काढताय."

प्रवासासाठी मुद्दाम घेतलेले जाड रबरी तळव्यांचे बूट मुख्याध्यापकांनी काढले. मोजे काढले. ओल्या गवतावर पाय टेकून कडीला हात घातला आणि पुढच्या क्षणी ते दोन फूट मागे होते.

"आई गं!"

बायको आतून दार धरून उभी होती. तिने कडी वरखाली करून पाहिली.

"मला तर काही लागत नाही."

"अगं, खरंच बसला! कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या!"

"मनाचे खेळ असतात," ती म्हणाली. "झोप झाली का नीट?"

वायरमन म्हणून आलेली बाई ठेंगणी होती आणि तिच्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी तिच्याहून फार लहान नव्हती. तिने ट्रेलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग तिने मुख्याध्यापकांचे बूट पाहिले, त्यांचे अनवाणी पाय पाहिले आणि सगळं समजलं.

"सर, बूट घालून करंट शोधत होता होय? तो काय हाक मारणार होता तुम्हाला? आणि काकू, आत उभं राहून लागत नाही, बाहेरून चढताना लागतो. उगाच हसू नका त्यांना."

"थोडंसं हसते," काकू म्हणाल्या.

बाईने खांबाचं मेन बंद केलं, केबल उपसली आणि तो जोड दोन बोटांत धरून वर केला.

"हा कुणाचा?"

असा प्रश्न मुख्याध्यापकांनी जप्त केलेल्या चिठ्ठ्या हातात धरून हजार वेळा विचारला होता. उत्तर द्यायची ही पहिलीच वेळ.

"माझा."

"यात अर्थिंगची पिनच नाही. कुठेतरी गळणारा करंट पत्र्यात उतरतोय, त्याला जमिनीत जायला वाट तुम्ही ठेवली नाहीत. मग तो काकूंच्या पायांतून जातोय."

तिने केबलला नीट तीन पिनांचा प्लग बसवला, मेन चालू केलं, आणि खांबातलं सुरक्षेचं बटण टक्कन पडलं. ती खूष झाली. "आता कसा लगेच बोंबलला! जमिनीची वाट मिळाली ना त्याला." आतली एकेक वस्तू बंद करत ती गीझरपाशी पोचली. तो बंद केल्यावर बटण पडायचं थांबलं. "कॉइलमध्ये पाणी शिरलंय. दुपारी नवी बसवते, तोवर याला हात लावायचा नाही." पत्र्याला तिने पुन्हा टेस्टर लावला, मग मीटर लावला. "शून्य. आता खुशाल धरा."

मुख्याध्यापकांनी मनात हिशेब केला. कालपासून बायकोला तीनदा शॉक बसला होता आणि त्यांनी तिन्ही वेळा अपुऱ्या झोपेचं कारण सांगितलं होतं. लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून जास्त त्यांना आनंद झाला होता. चूक सापडली होती, ती स्वतःची होती आणि दुरुस्त होण्यासारखी होती. एका चुकीत एवढं सगळं क्वचितच मिळतं.

"तू खरं सांगत होतीस," ते म्हणाले. मग अनवाणीच पुढे झाले. "थांब. आधी मी धरून बघतो."

"एकट्याने नाही." चपला आत ठेवून बायको खाली ओल्या गवतात उतरली आणि तिने त्यांचा मोकळा हात पकडला. "बसला तर दोघांना बसू दे. नंतर चौकशी नको."

"एक, दोन..." मुख्याध्यापकांनी डोळे मिटले आणि कडी धरली.

वायरमनबाई तिसऱ्या ट्रेलरपर्यंत पोचली, तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. दोघं अजून तसेच उभे होते, हातात हात, कडी न सोडता, आणि त्यांच्या हसण्याने अख्खा ट्रेलर चाकांवर हलत होता.