चर्चची शंभर वर्षं

१९८३ साली आमच्या स्टेशनाजवळच्या, इंग्रजांनी बांधलेल्या कॅथलिक चर्चला शंभर वर्षं झाली. चाळीस वर्षं ते चर्च झाडणारी म्हातारी बायजा नवं लुगडं नेसून आली, तर दारातल्या कार्यकर्त्यानं तिला अडवलं. "आजी, वर्ध्याचे बडे पाहुणे आले, बाकावर जागा नाई. इथंच पायरीवर बसजो."

बायजा पदर सावरून पायरीवर बसली.

आत चर्चचा इतिहास लिहिणारे लोबो सर रंगात आले होते. "गोऱ्या साहेबांच्या राज्यात आपल्या गरीब माणसाला बाहेर पायरीवर बसून प्रार्थना करावी लागे. तो अपमान आता संपला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यकर्त्यानंही जोरात टाळ्या वाजवल्या आणि तो बायजाकडे वळला.

"आजी, पायरीवरून उठजो आता. पाहुणे बाहेर येऊन राह्यले."