मॉनिटरमधली खरखर

कुंदनने घरून काम करायला दणकट कॉम्प्युटर जोडून घेतला आणि नाशिकच्या उन्हात तापू नये म्हणून त्याचा बाजूचा पत्रा काढून ठेवला. तेव्हापासून त्याच्या बायकोच्या, दिशाच्या, बेबी मॉनिटरमधून नुसती खरखर. आतल्या खोलीत बाळ रडलं तर ऐकू कसं येणार, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागलेला.

"अगं, उघड्या कॉम्प्युटरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी आहेत त्या, भुतं नाहीत!" कुंदन चिडवायचा.

आज तिने हट्टाने मेकॅनिकला बोलावलं. त्याने पत्रा बसवला, खात्रीसाठी कॉम्प्युटरही बंद केला. खरखर थांबली, पण शिट्टीसारखा बारीक आवाज येतच राहिला.

"दादा, थोडं राहिलंय अजून."

मेकॅनिकने मॉनिटर कानाशी धरला.



"ताई, कॉम्प्युटर बंद आहे. हे बाळाच्या छातीतून येतंय."