नववा दिवस

“बुडाला? कसा बुडाला? तो परत येतो!” मथुराबाई टीव्हीवर खेकसल्या.

सिनेमा संपला होता. खलाशाची बायको किनाऱ्यावर एकटीच उभी होती. “आजी, टीव्हीला ऐकू येत नाही,” नात सानिका म्हणाली. “सिनेमावाले शेवट बदलतात. पुस्तक आणते.”

सिनेमाची मूळ कादंबरी मथुराबाईंनी लग्नानंतरच्या वर्षी ऐकली होती, नवऱ्याची होडी समुद्रावर असताना, दुपारी कोळंबी सोलता सोलता. त्यांना तेव्हा अक्षर येत नव्हतं. थोरली जाऊ विमलाबाई मोठ्यानं वाचायच्या. मथुराबाई वाचायला शिकल्या त्या साठीनंतर, सानिकाच्या पहिलीच्या पुस्तकावर. आता वाचनालयातली प्रत घेऊन त्या बसल्या. रोज पाच पानं, ओळीखाली बोट धरून. महिन्याभरानं शेवट आला. खलाशी बुडाला.

मथुराबाईंनी शेवटचं पान पुन्हा वाचलं. अलीकडे दूध दोनदा उतू गेलं होतं. शेजारणीचं नाव ओठावर येईना झालं होतं. “आई, तू विसरायला लागल्येस, डॉक्टरांना दाखवू,” असं विनोद म्हणाला, तेव्हा त्यांनी लेकाला उडवून लावलं होतं. पण ही गोष्ट त्यांना लख्ख आठवत होती. खलाशी दारात उभा राहतो, अंगावर मिठाचे डाग, आणि आधी पेज मागतो. तेच पुस्तकात नसेल, तर डोक्यात धड उरलंय तरी काय?

सकाळच्या एसटीनं त्या हातखंब्याला जावेकडे गेल्या. विमलाबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. मथुराबाईंनी पुस्तक पुढे केलं.

“जाऊबाई, खरं सांगा. तो येऊन पेज मागतो की नाही?”

विमलाबाईंनी शेवटची पानं चाळली आणि त्या खुदकन हसल्या. “पुस्तकात नाही मागत गो. मी मागायला लावली. पेजसुद्धा लक्षात ठेवलीस?”

मथुराबाई पायरीवर बसल्या. डोकं शाबूत होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना.

“पंचेचाळीस वर्षं फसवलंत मला! का ओ असं?”

विमलाबाईंनी पुस्तक मिटलं.

“त्या वर्षी वादळात सापडलेली भावजींची होडी दहाव्या दिवशी परत आली, मथुरा. मी शेवट वाचला तो नववा दिवस होता.”